गार पाण्याची चाचणी

ऐरोली

चि. विपुल, तुला ताईचे खूप आशीर्वाद.

“आमची ताई कधी चुकत नाही,” असं तू शाळेत सगळ्यांना सांगायचास. ते आज सारखं आठवतंय.

तुमच्या कारखान्यासाठी मी डिझाइन केलेला, तेल थंड करणारा हीट एक्सचेंजर चाचणीत पास झाला. भरपूर दाब दिला, तरी थेंबही गळला नाही. आईला सांग, आमचे साहेब खूश आहेत. तिचा गुडघा कसा आहे?

पण इथली चाचणी गार पाण्याची. तिथे कढत तेल वाहणार. लोखंड तापून फुगलं की बोल्ट सैल पडतील का, हेच मी पुन्हा पुन्हा तपासते. हिशेब बरोबर येतो, झोप मात्र येत नाही.

“ताईचं मशीन मीच चालू करणार,” म्हणून तू ती ड्यूटी मागून घेतलीस, असं आई म्हणाली. तू ऐकणार नाहीस, तरी विचारते. त्या दिवशी रजा घेशील का रे?

तुझी,
वैदेहीताई