उत्तर आलं नाही म्हणून

मोशी, रविवार दुपार

तीर्थस्वरूप सुमनताई वन्संना अरुंधतीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? कऱ्हाडला थंडी वाढलीय असं टीव्हीवर सांगत होते. (मी हल्ली तुमच्या गावाचं हवामानही बघते, दुसरं काही बघायला उरलं नाही की माणूस तिथवर जातो.) पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत 'बिल चढतंय, ठेवते' म्हणता, आणि आता बिल चढत नाही हे मी सांगेपर्यंत फोन ठेवलेला असतो. पत्र मधेच ठेवता येत नाही. (येतं, पण मला कळत नाही.)

तुमचे भाऊ गेल्याला दोन वर्षं झाली. शार्दूल जर्मनीहून आठवड्यातून एकदा फोन करतो, 'आई, जेवलीस का?' विचारतो, मी 'हो' म्हणते, आणि मग आम्ही मायलेक पुढचा प्रश्न शोधत बसतो. प्रश्न खरे विचारतो तो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी अवधूत. रोज सकाळी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये दोन टाकतो, एक देशाविषयी आणि एक लेखकाविषयी, तोही कथा-कादंबऱ्यांचा नव्हे, चरित्रं, प्रवासवर्णनं, इतिहास असलं लिहिणारा. माझं आयुष्य पिंपरीच्या कारखान्याच्या वाचनालयात गेलं. कादंबऱ्या लोक घरी न्यायचे आणि चरित्रं दिवसभर माझ्यासोबत बसायची, त्यामुळे ती माणसं मला सासरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक. (तुम्ही सोडून.) चहा उकळेपर्यंत माझी दोन्ही उत्तरं गेलेली असायची. शेवटी अवधूतनं मला एकटीला निरोप पाठवला, 'काकू, इतरांनाही संधी द्या ना.' दिली. उत्तरं बंद केली आणि कोणी चौकशी करतं का ते बघत बसले. पहिल्या दिवशी ग्रुपवर पार्किंगचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी त्याच भांडणाचा उरलेला भाग झाला. माझं नाव कुठंच नाही. वन्सं, खरं सांगते, त्या दिवशी मी स्वयंपाकच केला नाही.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात आमच्याच विंगचे उद्धवराव. (मूळचे लातूरकडचे, चाकणला कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये फोरमन होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आमची ओळख लिफ्टपुरती, आणि लिफ्ट त्या दिवशी बंद.) चार मजले चढून आलेला माणूस धापा टाकत उभा. त्या दिवशीचा प्रश्न होता, देशाचा राष्ट्रीय वारसा प्राणी कोणता? मी दार उघडून म्हणाले, "हत्ती."

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमचं उत्तर आलं न्हाई, म्हणलं बघून यावं. बऱ्या हाव ना?"

मी 'हो हो' म्हणून घाईनं दार लावलं आणि आत येऊन रडले. पाणीसुद्धा विचारलं नाही बघा.

मग प्रजासत्ताक दिनाला प्रश्नमंजूषा ठरली, तीही जोड्यांची. सगळ्या विंगांत नवरा-बायकोच्या जोड्या झाल्या आणि उरलो आम्ही दोघं. (उरलेल्यांची जोडी लावताना अवधूतला केवढा आनंद झाला!) बझर चालेना म्हणून घराघरांतून देवघरातल्या घंटा मागवल्या, त्यामुळे कोणी घंटा वाजवली की मागच्या रांगेतल्या बायका हात जोडायच्या. उद्धवरावांच्या हाताला प्रेस शॉपची सवय, प्रश्न अर्धा होण्याआधीच घंटा वाजे. एका आत्मचरित्राचं नाव सांगून अवधूत म्हणाला, 'हे कोणी लिहिलं?' मला लेखकाचं नावगाव तर सोडाच, ते पुस्तक कोणत्या कपाटात होतं तेही पाठ, पण हे गरजले, "आत्मचरित्र हाय ना? मग ज्याचं त्यानंच लिवलं असंल!" सभागृह हसून हसून पडलं. मी खाली बघत बसले.

पुढे राष्ट्रीय खेळ कोणता असा प्रश्न आला. आमची घंटा आधी वाजली, पण या खेपेला उत्तर मी दिलं, की सरकारनं असा कोणताही खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. अवधूत म्हणाला, 'काकू, हॉकी.' मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, 'लहानपणापासून हॉकीच आहे.' मागून कोणीतरी ओरडलं, 'ओ काकू, सोडा ना आता, नाश्ता गार होतोय!' सगळी माणसं एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला, असं मला त्या सभागृहात काही नवं नव्हतं. फक्त त्या दिवशी ते माइकवर होतं. तेवढ्यात उद्धवराव उठले. "मॅडम न्हाई म्हणतेत म्हणजे नसंलच," म्हणाले आणि हाताची घडी घालून तसेच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. आमचे गुण कापले. नंतर मी हळूच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? "न्हाई," म्हणाले, "मला बी हॉकीच वाटत होती."

आम्ही शेवटून पहिले आलो. उत्तेजनार्थ म्हणून जोडीला मिळून एकच जेवणाचा डबा मिळाला. तो कोणी न्यायचा यावर आम्ही जिन्यात बराच वेळ बोललो. डब्याविषयी फारसं बोललो नाही.

बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा.

तुमची,
अरुंधती

ता. क. : उद्धवराव विचारत होते, संध्याकाळचं जेवण रोज एकत्र करू या का. भाजी ते आणणार, निवडूनही देणार. मी 'आमच्या वन्संना विचारून सांगते' म्हटलं. लोक बोलतील त्याचं मला काही नाही. पण जेवायच्या टेबलाशी तुमच्या भावाची खुर्ची आहे. मी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. तिथं दुसरं कोणी बसलं तर तुम्हाला काय वाटेल, तेवढं खरं खरं कळवा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायच्या आत मेथी आली. निवडलेली. मी तांदूळ दोघांचे धुतलेत आणि कपडे उचलून कपाटात ठेवलेत. तुम्हाला राग आला तर तो इथं येऊन काढा. चार-आठ दिवस सहज लागतील, त्या बेतानं लुगडी घेऊन या.