वॉर्ड चारची उमेदवारी

ता. २ जानेवारी १९३८
संकल्प: यंदा रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. काल लिहिलं नाही. काल सुट्टी होती.
आमच्या लोकशाही समाजवादी पक्षाचे सभासद चाराचे तेवीस झाले. माझ्या स्पीचेसचा परिणाम. त्यातले एकोणीस भद्रकालीच्या विडी कारखान्यातले, आणि ते सावळीरामने आणले, हेही खरं. तो स्वतः तिथेच विड्या वळतो. बोलायला लागला की बाकीच्यांचे हात थांबतात.

ता. ९ जानेवारी
मीटिंग. नगरपालिकेला वॉर्ड चारमधून कोणी उभं राहायचं? सगळ्यांचे हात सावळीरामसाठी वर. माझाही. अध्यक्षाला करावाच लागतो.

ता. ११ जानेवारी, सकाळी ६
नगरपालिकेत कायदा लागतो, इंग्रजी लागतं. मी वकील. सध्या अशील फिरकत नाहीत, म्हणजे वेळही आहे. यात माझा स्वार्थ आहे का, हे दोनदा तपासलं. सापडला नाही.

ता. १३ जानेवारी
सावळीरामला घरी बोलावलं. आमच्याच कपातून चहा दिला. समता. म्हटलं, तू उभा राहिलास तर पांढरपेशे बिचकतील. पक्षासाठी मलाच उभं राहावं लागेल. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, आमाला काय कळतं? तुमी म्हनाल तसं."
तो गेल्यावर आमच्या सौ. वत्सलेने कप विसळले. काही बोलली असती तर उत्तर तयार होतं.

ता. २७ जानेवारी
प्रचार जोरात. सावळीराम कामाच्या आधी आणि नंतर पत्रकं वाटत हिंडतो. मी घसा जपतो आहे.

ता. ३ फेब्रुवारी
पत्रकं वाटली म्हणून कारखान्याच्या मालकाने सावळीरामला कामावरून काढलं. पत्रकावर नाव माझं. फार वाईट वाटलं. जेवण कमी गेलं. उद्या मालकाला कडक निषेधपत्र.

ता. ४ फेब्रुवारी
पत्राचा मसुदा उत्तम उतरला. पण मालकाच्या घरात चौदा मतं आहेत. मतदानानंतर पाठवलेलं जास्त लागू पडेल.

ता. ९ फेब्रुवारी
सावळीरामची बायको मैना आता लोकांची धुणी धुते, असं वत्सला म्हणाली. "अहो, ते पत्र गेलं का?" म्हटलं, विचाराधीन आहे.
सावळीराम अजूनही पत्रकं वाटतो. आता दिवसभर.

ता. २० फेब्रुवारी
मतदान. अंदाज: पाचशेच्या खाली नाही. हार घालून घेताना मान किती वाकवायची, ते आरशात पाहून घेतलं.

ता. २२ फेब्रुवारी
निकाल. एकतीस.
विडी कामगारांच्या केंद्रावर तीस. आमच्या आळीच्या केंद्रावर एक. ते माझं.
वत्सलेला विचारलं. म्हणाली, "मी सावळीरामला देणार होते. तिथे त्याचं नावच नव्हतं. परत आले."

ता. २३ फेब्रुवारी
सावळीरामला काय सांगायचं, ते सकाळीच ठरवलं होतं. उमेदवारी तुझी होती, ती मी घेतली. काम गेलं तेही माझ्यापायी. ते पत्र मी पाठवलंच नाही. तीनच वाक्यं.
दुपारी तो आपणहून आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "साहेब, माफी करा. माझंच कमी पडलं. आनखी दोन गल्ल्या फिराया पायजे हुत्या."
मी म्हटलं, "असू दे. मी मनाला लावून घेत नाही."
त्याला बरं वाटलेलं दिसलं. जाताना पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.