पडदा पाडायचा राहिला

चि. मेहुणेबुवांस, (अजूनही) तुझ्याच भाऊजींचे आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांना आराम असेल. माझी तब्येत एक जागा सोडून उत्तम आहे. त्या जागेविषयी पत्रात लिहू नये हे मला कळतं, पण या घरात आता ऐकायला कोणी नाही. वाच आणि फाडून टाक.

मला लघवीसाठी कायमची नळी लावली आहे, हे तुला ठाऊकच आहे. तिथली सफाई रोज सकाळी तुझी ताई करायची. कातडी मागे सारून पुसायची आणि काम संपलं की मोठ्याने म्हणायची, “पडदा पाडला!” मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो (एवढा संसार होऊनही लाज गेली नव्हती), म्हणून ती मला हसवते आहे असं समजायचो. ती गेली आणि सफाई माझ्याकडे आली. पोटापलीकडचं मला दिसत नाही (त्या पोटाची थट्टा तुम्ही भावंडांनी पोटभर केली आहे), तेव्हा अंदाजाने पुसायचो, चादर ओढायचो, झालं.

परवा तिथे असं सुजलं की बसवेना. शेजाऱ्याला ‘पोटात दुखतंय’ सांगून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून लहान. मी डोळे गच्च मिटले. त्यांनी रंग बघितला, बोट लावून कळतंय का विचारलं. मागे राहिलेल्या कातडीचा फास बसला होता. रक्त अडलं तर पुढचा भाग काळा पडतो, म्हणाल्या. बधिर करायचं मलम लावलं आणि सूज मुठीत धरून बराच वेळ दाबत बसल्या. हाताने नाही जमलं तर छेद द्यावा लागेल, हेही सांगून ठेवलं (माझा जीव तिथेच अर्धा झाला). शेवटी अंगठ्यांनी पुढचा भाग मागे लोटत कातडी पुढे आणली. मी ओरडलो, खोटं कशाला सांगू!

मग त्या म्हणाल्या, “आजोबा, पुसून झालं की कातडी पुन्हा पुढे आणायची असते. कुणी सांगितलं नव्हतं?”

सांगितलं होतं रे. रोज सांगितलं होतं, आणि मी हसत होतो. तिथेच टेबलावर पडल्या पडल्या रडलो. बाईंना वाटलं, सुटलो म्हणून रडतोय.

आता सफाईला एक मदतनीस येतो. काम चोख, तोंडाला कुलूप.

तुझा,
भाऊजी

ता. क. खरं काम पुढेच आहे. आवरून झालं की ते दोन शब्द म्हणत जा, असं त्याला सांगायचंय. मला लाज वाटते. तू फोन करशील?

ता. क. २ : राहू दे, नको करूस. आज मीच म्हणून बघितलं. ‘पडदा’ एवढंच म्हटलं आणि डोळे पुसायला लागलो. तो बिचारा घाबरून म्हणाला, “दुखलं का?” मी हो म्हटलं.