परवानगी नाकारली

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहायची. उद्या बढती मिळाली की जुने दिवस आठवायला बरं पडेल.

बससेवेच्या आकडेवारी विभागाचा मी प्रमुख. यंदाची प्रवासीगणना संपली. कोणता मार्ग ठेवायचा, कोणता बंद करायचा, हे संचालक मंडळ एकवीस तारखेला माझ्या तक्त्यावरून ठरवणार. तक्ता ‘आर’मध्ये करतोय. आर म्हणजे आकडेमोडीची संगणकभाषा. तिचं प्रशिक्षण घेतलंय, प्रमाणपत्र खुर्चीमागे टांगलंय.

हिने विचारलं, नऊ नंबरचं काय होणार? ही टेकडीपलीकडच्या शाळेत शिकवते, आणि तिथे नऊ नंबरशिवाय दुसरी बस जात नाही. यंदा गाडी खच्चून भरलेली असते. मी म्हटलं, निश्चिंत राहा, मी आहे ना.

५ मार्च
आकडेमोड फत्ते. नऊ नंबर वरून तिसरी! आता तक्ता तेवढा फाईलमध्ये लिहायचा. किरकोळ काम. उद्या.

६ मार्च
फाईल लिहिली जात नाही. लाल अक्षरांत उत्तर येतं, फाईल उघडता येत नाही, परवानगी नाकारली.
परवानगी? विभागप्रमुखाला? कोण नाकारतंय ते बघतोच.

७ मार्च
संगणकवाल्याला बोलावलं. त्याने फोल्डर तपासला, नाव तपासलं, मग म्हणाला, याच नावाची गेल्या वर्षीची फाईल कोणाच्या तरी मशीनवर उघडी आहे. ती बंद होईपर्यंत तिच्यावर नवीन लिहिता येणार नाही. नाहीतर फाईलला दुसरं नाव द्या.

दुसरं नाव! ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘आता खरंच अंतिम’ अशा फाईलींचा सुळसुळाट झाला म्हणून गेल्या वर्षी परिपत्रक कोणी काढलं? मी. एक तक्ता, एक नाव. आता मीच नियम मोडला तर दीडशहाणा दात काढेल. दीडशहाणा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. बाकीचे त्याला हुशार म्हणतात.
फाईल त्यानेच उघडी ठेवली असणार.

१० मार्च
त्याच्याकडे नाही. तो जेवायला गेल्यावर त्याचं मशीन बघितलं. नेमका परत आला. म्हटलं, तुझा कीबोर्ड पुसत होतो. त्याने मला फडकं दिलं आणि उभा राहिला. अख्खा पुसावा लागला.

११ मार्च
चोर सापडला. साहेब! केबिनमध्ये कोणी आलं की पडद्यावर आकडे दिसावेत म्हणून गेल्या वर्षीचा तक्ता कायम उघडा असतो. त्याच्या मागे पत्त्यांचा खेळ.
उद्या स्पष्ट सांगतो, साहेब, ती फाईल बंद करा. मी कोणाच्या बापाला घाबरत नाही.

१२ मार्च
साहेबांना सर्दी. आजारी माणसाला त्रास देणं बरं नव्हे.

१३ मार्च
सर्दी बरी. साहेब खुशीत. कशाला विरजण घाला.

१४ मार्च
केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, बोला. मी म्हटलं, खिडकीचे पडदे छान आहेत. पडदे कुठून आणले, शिंपी कसा लबाड निघाला, सगळं ऐकून आलो. संबंध दृढ झाले. हेही महत्त्वाचं.

१७ मार्च
दीडशहाण्याने न विचारता सल्ला दिला. नाव बदलून टाका, परिपत्रक काय आकाशातून पडलंय? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, बरं.
पुढच्या वर्षीही इथेच कोण शिकवणार, असं हिच्या शाळेत विचारलं. हिने माझ्या भरवशावर होकार कळवला. ऊर भरून आला.

१८ मार्च
जमलं!! पुस्तकात युक्ती मिळाली. आज्ञेला ‘सायलेंट’ची शेपटी जोडायची, की काही बिघडलं तरी यंत्र तोंड उघडत नाही. जोडली. चालवलं. लाल अक्षर नाही! साहेब दुखावले नाहीत, परिपत्रकही शाबूत. साप मेला, काठीही तुटली नाही.
फोल्डरमध्ये फाईल आहे, नावही बरोबर. उघडून बघायची गरज वाटली नाही.

२१ मार्च, दुपारी
साहेबांनी तक्ता मंडळापुढे ठेवला. बाहेर येऊन माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी
तीन मार्ग बंद. त्यात नऊ नंबर.
फाईल उघडली. गेल्या वर्षीची. गेल्या वर्षी पुलाचं काम होतं, नऊ नंबर कित्येक महिने रिकामी फिरायची. माझा तक्ता कुठेच लिहिला गेलेला नाही.
घरी सांगितलं नाही. ही पेपर तपासून दमली होती.

२४ मार्च
साहेबांना सांगितलं. शेवटी. साहेब म्हणाले, अहो, मग तेव्हाच सांगायचं ना. आणि माझ्यासमोर फाईल बंद केली. एक बटण दाबून.
मंडळ सुधारित तक्ता बघेल, पण पुढच्या बैठकीत. ती पावसाळ्यानंतर. तोवर नऊ नंबर बंद.
घरी आज सांगणार होतो. पाहुणे आले.

२८ मार्च
हिला बसथांब्यावरच्या सूचनेवरून कळलं. मग सगळं सांगितलं. हिने विचारलं, यंत्राने आधी सांगितलं नव्हतं का? म्हटलं, रोज सांगत होतं. मग? मग मी त्याला गप्प केलं.
हिने पेपरांचा गठ्ठा पुढे ओढला. भांडली असती तर बरं झालं असतं.
नंतर मी जाहीर केलं, रोज पहाटे उठून स्कूटरवर शाळेत सोडीन. ही म्हणाली, नको, शाळेजवळ खोली बघितली आहे, शनिवार-रविवार येत जाईन.

१ एप्रिल
काल ही गेली. बॅग मी उचलली, निदान तेवढं केलं.
आज भात करपला. तसाच खाल्ला. ओला टॉवेल पलंगावर टाकला, दिवा चालू ठेवून बाहेर गेलो, औषध विसरलो. कोणी काही म्हणालं नाही. घरात माझी एकही चूक निघत नाही.
बरं वाटायला हवं होतं.