घाटाखालचं मेडिकल

बाबा,

काल वॉर्डात नव्याने लागलेल्या एका नर्स पोरीने मला विचारलं, "सिस्टर, बेशुद्ध पेशंटशी तुम्ही एवढं काय बोलत असता? त्यांना थोडंच ऐकू येतं?" सलाईन बदलायची होती, तिकडे दुसऱ्या बेडवरच्या म्हातारीने नळी ओढून काढली होती, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं. आज सुटी आहे. अकोल्याच्या या उन्हात कूलर नुसता आवाज करतोय, पोरं आपापल्या खोल्यांत आहेत. तिला काय सांगावं याचा विचार करत बसले होते आणि कागद पुढे घेतला तर वर तुमचंच नाव लिहिलं गेलं. नाव म्हणजे काय, बाबा एवढंच.

आपल्या दुकानाच्या पाटीवर देवाचं नाव होतं, पण ते गावात कोणाच्या तोंडी नव्हतं. सगळ्यांसाठी ते 'फौजीचं मेडिकल'. तुम्ही मूळचे घाटावरचे, धाडकडचे. फौजेतून परत आल्यावर अमरावतीला औषधांचा कोर्स केला आणि घाटाखाली येऊन दुकान टाकलं, कारण इथे तापाच्या गोळीसाठीसुद्धा लोक मलकापूरची गाडी पकडायचे. घाटावरचे नातेवाईक म्हणायचे, एवढ्या गरमीत कशाला गेला. तुम्ही उन्हाळ्यात दुकानाबाहेर रांजण भरून ठेवायचा, त्यात साखर आणि मीठ अंदाजाने नव्हे, मापाने टाकलेलं असायचं. बाजाराला आलेल्या बाया डोक्यावरची टोपली उतरवून आधी तिथे थांबायच्या. मला अजून तुम्ही काउंटरमागे उभे दिसता. कात्रीने गोळ्यांची पट्टी कापताय, पण तारखेची बाजू कधी कापत नाही, ती शेवटपर्यंत डब्यात राहते. औषध गिऱ्हाईकाच्या हातात देता आणि लगेच सोडत नाही. "आता तू मले सांग, कधी घेशीन?" तो सांगतो. चुकला तर पुन्हा सांगायचं, पुन्हा त्याच्याकडून वदवून घ्यायचं. मागे रांग लागलेली असते. रांगेतल्या कोणी घाई केली तर तुम्ही मान वर न करता म्हणता, "थांब ना बे, तुह्यासाठी बी इतकाच वेळ आहे माह्यापाशी."

लढाईबद्दल तुम्ही बोलायचा नाहीत. म्हणजे बोलायचा, पण लोकांना हवं ते नाही. शाळेत पंधरा ऑगस्टला तुम्हाला पाहुणे म्हणून बोलवायचे, छातीवर पदकं लावायला सांगायचे, आणि आम्ही पोरं बंदुका-तोफा ऐकायला मांडी घालून तयार. तुम्ही उभे राहून सांगायचात की तिकडचा भात फार चांगला होता आणि पाणी उकळून प्यावं, कारण पलटणीतली निम्मी माणसं हगवणीनेच आडवी झाली होती. हेडसरांचा चेहरा मला आठवतो. मी खाली मान घालून बसायचे. एवढंच आम्हाला ठाऊक होतं की तुम्ही बंदूकवाले नव्हता, जखमींना उचलणारे, पट्ट्या बांधणारे नर्सिंग असिस्टंट होता, आणि एकाहत्तरच्या लढाईत छातीत लोखंडाचा तुकडा शिरल्यामुळे तुमचं डावं फुप्फुस अर्धंच उरलं होतं. जिना चढताना मध्ये थांबायचात. थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहायचात.

आईच्या स्वयंपाकघरात तुम्ही आम्हाला तोंडाने श्वास द्यायला शिकवलं, ते आठवलं की आजही हसू येतं. गावची पोरं धरणावर पोहायला जायला लागली होती, म्हणून तुम्ही ते मनावर घेतलं होतं. फरशीवर उशी आडवी केलीत, तिची मान मागे, हनुवटी वर. मी उशीच्या कोपऱ्यावर रुमाल ठेवून फुंकर मारतेय, आणि आई भाकर थापता थापता म्हणतेय, "मेली बिचारी उशी." तुम्ही मात्र हसला नाहीत. "छाती वर आली पाह्यजे. नाई आली तं मान चुकली," असं म्हणून मला परत करायला लावलंत.

आणि मग तो दिवस. मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते. सकाळी दुकान उघडताना तुमच्यासोबत झाडायला आले होते. शेजारी गाद्या-रजया करणारं मुसलमान कुटुंब राहायचं, त्यांची सासू धावत आली. पोराचं लग्न होऊन दोनेक महिने झाले असतील, आणि पोरगा त्या दिवशी रजया घेऊन तुमच्याच धाडच्या बाजाराला गेला होता. "भाईसाब, देखो ना, बहू की आँखें नै खुल री. सुबे से पेट दुख रा बोल री थी, अब बात बी नै कर री." तुम्ही चपला न घालता गेलात, मी तुमच्यामागे. ती जमिनीवर कापसाच्या ढिगाशेजारीच झोपली होती. माझ्याच वयाची. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, लाळ गिळता येत नव्हती. तुम्ही तिच्या पायाच्या बोटाजवळ वाकून पाहिलंत. सूज नाही, रक्त नाही, नुसते दोन बारीक ठिपके. "मण्यार," तुम्ही म्हणालात. "झोपेत चावला. गाडी आणा."

दारात माणसं जमली होती. कोणी म्हणालं, आधी नागोबाच्या ठाण्यावर नेऊ, तिथला माणूस विष उतरवतो. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नेऊ ना. येताना नेऊ. मी सोता नारळ घेऊन येतो. आता पोरीले गाडीत ठेवा." काळी-पिवळी जीप आली. मागच्या बाकावर तिला आडवं केलं, डोक्याशी तुम्ही, पायांशी मी, खाली सासू. दुकान तसंच उघडं टाकून आपण निघालो.

घाटाच्या अलीकडेच तिचा श्वास थांबला. थांबला म्हणजे मंद होत होत एकदा आलाच नाही. तुम्ही तिच्या मानेवर बोटं ठेवलीत, "नाडी आहे," म्हणालात आणि सासूकडे पाहिलंत. "भाभी, मले हिले तोंडानं हवा द्यावी लागीन." ती बाई, जी एरवी तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, ती म्हणाली, "पूछते काय को भाईसाब. मेरी बच्ची को बचाव." तुम्ही रुमाल ठेवलात आणि सुरू केलंत. आणि तिलाही काम दिलंत. "तुमी हिच्या छातीवर हात ठेवा. वर आली का सांगा." तिने हात ठेवला. तुम्ही फुंकर घातली की ती म्हणायची, "आया." पुन्हा फुंकर, पुन्हा "आया."

राजूर घाटाच्या वळणांवर जीप एकदा इकडे, एकदा तिकडे कलंडत होती. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. अर्ध्या घाटात तुम्हाला खोकला आला. थांबेचना. तुमचे ओठ काळपट पडलेले मी पाहिले. तुम्ही माझा दंड धरून मला पुढे ओढलंत. "माही हवा सरली. आता तू." मी रडायला लागले. मला तिची भीती वाटत होती, तिच्या त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांची, आणि तुमचीही, तुम्ही माझ्यासमोर काळेनिळे पडत होता. तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात एकदाच. "रडणं मंग! आधी हवा दे!"

मी हवा दिली. पहिल्यांदा सासू काही बोलली नाही. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून त्या पोरीची हनुवटी आणखी वर केलीत. मी पुन्हा फुंकले. "आया," ती म्हणाली. तो शब्द ऐकून मला जे झालं ते मी इतक्या वर्षांत कोणाला नीट सांगू शकले नाही. घाट संपला, बुलडाणा आलं, गल्ल्या आल्या, आणि मला फक्त तेवढंच ऐकू येत होतं. आया. आया. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी तिला माझ्या तोंडापासून ओढून घेतलं, तेव्हाही मी फुंकतच होते.

ती आत गेल्यावर आपण बाहेरच्या नळापाशी बसलो. तुम्ही तोंड धुतलंत, मला धुवायला लावलंत. टपरीवरून पोहे आणलेत, पण दोघांनीही खाल्ले नाहीत. मग तुम्ही, कोणी काही विचारलं नसताना, बोलायला लागलात. "तिकडं नदीच्या काठी असंच एक पोट्टं होतं माह्यापुढं. मानेले लागलं होतं त्याच्या. श्वास बंद, नाडी चालू. मी हवा देत बसलो. मले बी तेवढ्यातच तुकडा लागला होता, पन वाटलं नुसतं खरचटलं असन. मंग माहीच हवा पुरेना."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. आजूबाजूले कोणी नोतं." तुम्ही पोह्यांचा कागद घडी करत राहिलात. मग म्हणालात, "आज तू होती."

तुमच्या डोळ्यांत पाणी होतं की नळाचं, ते मी पाहिलं नाही. पण त्या दिवसानंतर तुम्ही थोडे मोकळे झालात असं आई म्हणायची. तुम्ही त्या पोराबद्दल तिला सांगितलंत, तो कुठला होता, गाणी कशी बेसूर म्हणायचा ते. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिलाही ते ठाऊक नव्हतं.

ती वाचली, बाबा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काही दिवस नळीवर होती, मग पापण्या उघडल्या, मग बोटं हलली. धाडहून धावत आलेला तिचा नवरा तुमच्या पाया पडायला लागला, तेव्हा तुम्ही त्याला उठवून खाट घ्यायला सांगितलंत आणि मच्छरदाणी लावायला. पण एक गोष्ट ती मला एकटीला बोलली. घरी आल्यावर मी तिला भेटायला गेले, ती माझा हात धरून म्हणाली, "मैं सब सुन री थी. हिलने को नै आ रा था, पर सुनने को सब आ रा था. तुम्हारे अब्बा बोले ना, रोना बाद में, तो मैं बी दिल में बोली, रोना बाद में." त्या नव्या नर्सला मला हेच सांगायचं होतं. उद्या सांगेन.

त्यानंतर मी नर्सिंगला जायचं म्हणाले. घाटावरून काका आले, पोरीच्या जातीनं परक्या माणसांचं हागणं-मुतणं काढायचं का, असं विचारायला. तुम्ही म्हणालात, "मी फौजेत तेच केलं. पगार बी घेतला." काका चहा न पिता गेले. तुम्ही मात्र मला अकोल्याच्या एसटीत बसवायला आलात, आणि गाडी सुटताना सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलंत. नाडी मोजायला लागते म्हणून. काही उपदेश केला नाहीत. खिडकीतून मी पाहत होते, गाडी वळेपर्यंत तुम्ही उन्हात उभे होता, डोक्यावर टोपी नव्हती, आणि मला वाटलं, बाबांना ऊन लागेल.

तुमच्या शेवटच्या आजारात मी घरी आले. ऑक्सिजनचा सिलिंडर खाटेशी होता. मी म्हणाले, अकोल्याला चला, माझ्याच वॉर्डात, मशीन आहे, मी आहे. तुम्ही मान हलवलीत. "लय ओढली ह्या अर्ध्यावर. आता मले इथंच राहू दे." मी ऐकलं. दुपारभर तुमच्या उशाशी बसून बोलत राहिले. नातवाचे मार्क, कापसाचं वेचणं, शेजारच्या त्या पोरीच्या पोरीचं ठरलेलं लग्न. तुमचे डोळे मिटलेले होते, पण लग्नाचं ऐकल्यावर तुमचं बोट माझ्या तळहातात हललं. मातीला गाव लोटलं, त्यात गादीवाल्यांचं सगळं घर होतं, आणि ती सासू, आता वाकलेली, दुकानाच्या बंद शटरला हात लावून बराच वेळ उभी राहिली.

वॉर्डात मी ज्यांच्यासाठी धावते, त्यांना वाटतं हे मी कॉलेजात शिकले. मी त्यांना दुरुस्त करत नाही, पण मनात तुम्हाला हात जोडते, रोज. सकाळी ड्यूटीवर जाताना जोडते, त्याला आता सवय म्हणावं लागेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकणार तरी कुठे. कपाटात साड्यांखाली ठेवीन. वाचून पाहिलं तर सगळं पुस्तकातल्यासारखं लिहिलंय. इतकी वर्षं शहरात ड्यूटी करून जीभ अशी झालीय, पोरं घरात हीच भाषा बोलतात. तुमच्याशी मी अशी कधी बोलले नाही, आणि असं बोलताना काही गोष्टी तोंडातून निघतच नाहीत. त्या दुपारी तुमच्या उशाशी सगळ्या गावचं सांगितलं आणि एक तेवढं राहिलं.

बाबा, मले तुमची लय आठोन येते.