महापौरांनी भोंग्यासह साक्षीला येण्याबाबत

प्रति,
मा. महापौर श्री. ऑगस्टस पिंगरी
व सन्माननीय सभासद, नगर परिषद,
एल्डर क्रॉसिंग, आयोवा.

विषय : सोमवारच्या खटल्यात आपण स्वतः, मोटारगाडी व तिच्या भोंग्यासह, साक्षीला हजर राहण्याबाबत.

संदर्भ : १) शहर विरुद्ध श्रीमती कॉर्डेलिया ब्रँट, सुनावणी तिसरी. २) न्हाव्याच्या दुकानातील आपले तोंडी निवेदन.

महोदय,

अर्जदार लेम्युएल थॅचर हा या शहराचा वकील असून, आजवर त्याने परिषदेकडे स्वतःसाठी काही मागितलेले नाही. आज मागत आहे. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा, मध्येच टेबलाच्या खणात सारू नये, ही पहिली विनंती.

१. अर्जदाराचे वडील घोड्यांची खोगिरे शिवत. कॉलेजचे तोंड न पाहता अर्जदार न्यायाधीश होल्कम यांच्या कचेरीत, त्यांच्या शेगडीत कोळसा घालता घालता कायदा शिकला. पहिल्या निवडणुकीत समोरचा उमेदवार ऐन वेळी ओरेगॉनला निघून गेला, म्हणून अर्जदार निवडून आला. पुढे लोकांना वकील बदलायचा कंटाळा आला असावा. पाणी कंपनी नदीचे गढूळ पाणी नळाला सोडून वर कराराकडे बोट दाखवत होती, तेव्हा अर्जदाराने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत तिचा पिच्छा पुरवला. आता गावातली पोरे दर उन्हाळ्यात तापाने दगावत नाहीत. याचा अर्जदाराला अभिमान आहे, आणि तो लपवण्याइतका अर्जदार विनयशील नाही. शहरातर्फे तो एकही खटला हरलेला नाही.

२. मोकाट जनावरांचा पोटनियम अर्जदारानेच लिहिला. विनाकारण माणसाच्या अंगावर धावणारी गाय, डुक्कर, बोकड यांच्या जोडीला त्याने हंसही घातला, तो केवळ वाक्य भरदार व्हावे म्हणून. त्याच पोटनियमाखाली श्रीमती ब्रँट यांच्या ‘सिनेटर’ नामक पाळीव हंसाने आपल्या नव्या मोटारीचा पाठलाग केल्याची, व परिणामी आपण घोड्यांच्या पाण्याच्या हौदात उतरल्याची तक्रार आपण गुदरली. दोनदा सुनावणी झाली, दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही. दोन्ही वेळा परिषदेने ठराव केला, की पुन्हा चालवा.

३. दरम्यान चर्चमध्ये डब्यांच्या जेवणाची संध्याकाळ झाली. बायकांनी आणलेल्या डब्यांवर नाव नसते, पुरुषांनी बोली लावायची आणि डबा जिचा निघेल तिच्याशेजारी बसून जेवायचे, हा रिवाज आपणांस ठाऊक आहे. पिवळ्या रिबिनीचा डबा पोस्टमास्तरांच्या आत्याचा असावा, अशा समजुतीने अर्जदाराने जोरात बोली लावली. डबा निघाला आरोपीचा. बोली मागे घेणाऱ्याला या गावात पुढे कोणी पाणी विचारत नाही, म्हणून अर्जदार बसला. आरोपी म्हणाल्या, “घाबरू नका वकीलसाहेब, विष घातलेलं नाही. तुम्ही माझ्यावर खटला भरलात, मी तुम्हाला कोंबडी वाढतेय. बघू, आधी कोण पस्तावतं ते.” अर्जदार त्याच घासाला पस्तावला. त्याचे मन आरोपीवर जडले आहे. सरकारी भाषेत याला दुसरा शब्द त्याला सापडला नाही.

४. खटला चालू असता आरोपीच्या घरी जाणे शहराच्या वकिलाला शोभत नाही, म्हणून अर्जदार फक्त कुंपणापर्यंत जातो. तेथून त्याने एकदा राजीनामा देण्याचा विचार बोलून दाखवला. त्यावर उत्तर मिळाले ते असे : “माझ्यावर उपकार करायला निघालात होय? मग आल्या पावली परत जा. मला तुम्हाला भर कोर्टात हरवायचंय. अगदी जीव तोडून लढा. हरलात की रविवारी जेवायला या. पण मुद्दाम हरलात, तर मला कळेल, आणि सिनेटरलाही.” तो त्या वेळी अर्जदाराच्या पँटकडेच बघत होता.

५. तेव्हा अर्जदाराला हरायचे आहे, पण सचोटीने. आणि तो मार्ग आपल्या हाती आहे. न्हाव्याच्या खुर्चीत बसून आपण म्हणालात, “त्या हंसाच्या फाटकाशी मीच भोंगा दाबला. तो ओरडला, मी पुन्हा दाबला. म्हटलं, बघू तरी बेट्याचा आवाज मोठा की माझा.” याला विनाकारण म्हणत नाहीत, महोदय, याला आमंत्रण म्हणतात. अर्जदाराच्या तोंडाला तेव्हा साबण होता, अन्यथा त्याने तेथेच हरकत घेतली असती. ज्यूरीतल्या सगळ्यांची दाढी त्याच दुकानात होते. पण दुकानातले बोलणे दुकानात राहायचे, ही गावची रीत. म्हणून जो तो जाणतो आणि कोर्टात छताकडे बघतो. बायका त्या दुकानात पाऊल टाकत नाहीत, त्यामुळे स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या आरोपीलाच तेवढे माहीत नाही.

६. विरोधात जाणारा पुरावाही कोर्टापुढे ठेवणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. त्याने आपणांस विचारले, तर आपणांस आठवेना. पुन्हा विचारता, “महापौरानं कोर्टात भोंगा वाजवायचा? लोक काय म्हणतील?” असे आपण म्हणालात. लोक म्हणायचे ते हौदाच्या दिवशीच म्हणून चुकले आहेत. समन्स घेऊन आलेल्या शिपायाला आपण आपल्या फर्निचरच्या दुकानात बसवून घेतले. तो समन्स विसरून कपाट घेऊन परतला. कपाट चांगले आहे, पण तो पुरावा नव्हे.

सबब विनंती, की सोमवारी आपण कोर्टाच्या आवारात गाडी आणून, ज्यूरी खिडकीत उभी असता, हंसासमोर नेहमीच्या जोराने भोंगा वाजवावा. आणि शहर हरल्यास परिषदेने अपील करू नये. स्वतःवर हसू शकणारा महापौर या गावाने कधी पाडलेला नाही.

अर्जदार बावन्न वर्षांचा असून आजवर एकट्याने जेवत आला आहे. सोमवारी तो शहराच्या बाजूने सुचतील ते सगळे मुद्दे मांडील, एकही हातचा राखणार नाही. मात्र आपल्या पक्षकाराचा पराभव व्हावा असे आयुष्यात प्रथमच त्याला मनापासून वाटत आहे, आणि ही गोष्ट पक्षकाराला लेखी कळवणे वकिलाचे कर्तव्य असल्याने कळवली आहे.

आपला नम्र व तूर्त अपराजित,
लेम्युएल थॅचर
शहराचा वकील
ता. १४ सप्टेंबर १९११

सोबत : १) समन्स, दुसऱ्यांदा. २) अर्जदाराचा राजीनामा, तारीख कोरी. परिषदेने अपील करायचे ठरवलेच, तर त्या दिवसाची तारीख घालून घ्यावी; अर्जदार कोठे जेवायला गेला आहे, ते गावात कोणीही सांगेल.