पांढरं दार दिसावं म्हणून

१४ नोव्हें.
हे आज पुन्हा चौकटीवर आपटले. भुवईवर खोक. हळद दाबून धरली. पलटणीत सतरा वर्षं काढलेला माणूस, स्वतःच्या घरात दार चुकतो. "अंधार हुता," म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते.

१७ नोव्हें.
सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. घरात मी काय करू, विचारलं. बाईंनी विचारलं, भिंती कसल्या? पांढऱ्या. दारं? तीही पांढरीच. "मग त्यांना सगळं एकच दिसतं. भिंती गडद करा."
येताना बसमध्ये हे खिडकीकडे तोंड करून. गावात, कुंडलला उतरताना म्हणाले, "आईला सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय."

२० नोव्हें.
गडद निळा आणला. दिलीप रंगारी डबा उघडून बघतच राहिला. "वैनी, ह्यो रंग? खोली लय बारकी दिसंल." दिसू दे.
सासूबाईंनी डबा बघून जेवणाचं ताट सारलं. "काळा रंग?" "आवं आत्या, निळा हाय," मी म्हटलं. "नांदत्या घराला काळं फासतीस, वर मला शिकवतीस!" शपथ नसती तर…

२३ नोव्हें.
झोपायच्या खोलीला रंगाचे दोन्ही हात झाले, वाळले. हे पलंगावरनं उठले ते सरळ दारातून बाहेर. कुठंच आपटले नाहीत. "दिसतंय गं," म्हणाले. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

२९ नोव्हें.
मधल्या खोलीला दुपारी दुसरा हात. दिलीप चहाला बाहेर. हे पलंगावरून उठून आले, मधली खोली ओलांडली, नीट माझ्यापाशी सैपाकघरात.
"दार दिसलं?"
"व्हय. पांढरंफेक."
सदऱ्यावर निळा पंजा उमटलेला. बोटं, तळवा निळा. ह्यांना पत्ताच नाही. जाऊन भिंत पाहिली. ओल्या रंगात बोटांचे चार पट्टे, त्या दारापासून ह्या दारापर्यंत.
म्हणजे त्या दिवशी "दिसतंय गं" म्हणाले, तेव्हाही भिंत चाचपतच?
दिलीप आला. पट्ट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता रोलर फिरवला. ह्यांना म्हटलं, चहा सांडलाय, सदरा काढा. रॉकेलनं हात पुसून दिले. "चहाला रॉकेल कशाला?" असं विचारतील म्हणून जीव मुठीत. विचारलं नाही.

३० नोव्हें.
हे अंगणात असताना आत्या जवळ आल्या. "मला खुळी समजतासा व्हय? ताटातली भाकरी चाचपतोय त्यो. महिना झाला बघतीया." मग पदरानं डोळे पुसून, "माझी बी खोली रंगीव. त्येला दिसतंय न्हवं त्यात?"
व्हय म्हटलं.

१ डिसें.
दिलीपचा फोन, आत्यांच्या खोलीसाठी उद्या येऊ का? हे शेजारीच बसलेले, कान इकडं. रंग थांबवला तर का थांबवला ते ह्यांना लगेच कळणार. मला कळलंय हेही कळणार. आणि रंगवला तर त्या खोलीतही मी रोज विचारायचं, दिसलं का, ह्यांनी रोज व्हय म्हणायचं.
दिलीपला म्हटलं, थांबा जरा, ह्यांना विचारते.
अजून विचारलं नाही.